शेवटचा सभासद

तिसाहलास, १२ फेब्रुवारी १९८९

बाबा,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन तुमच्या फाटकापर्यंत येतो हे मला माहीत आहे, कारण वर्तमानपत्र तुम्हाला रोज मिळतं. तेव्हा पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय तुम्हाला नाही.

त्या शनिवारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात कॉफी घेत होतात. खसखशीचा रोल तुमच्यासमोर कापून ठेवला होता. आणि रेडिओवर आपल्याच पक्षाच्या, थेट वरच्या मंडळातल्या माणसानं सांगितलं की छप्पन साली बुडापेस्टपासून गावोगाव जे झालं ती प्रतिक्रांती नव्हती, तो जनतेचा उठाव होता. मी म्हणाले, "शेवटी बोललं कुणीतरी." एवढंच म्हणाले ना मी? तुम्ही कप खाली ठेवलात, उठलात, कोट चढवलात. बोर्का तुमची टोपी घेऊन जिन्यावरून मागे धावली, तर तिला म्हणालात, "तुझ्या आईला सांग, मी काही तिच्या वर्गातला विद्यार्थी नाही."

नाहीच आहात. पण माझ्या वर्गात विद्यार्थी आहेत, बाबा, त्यांचं मी काय करू? अठरा वर्षं मी त्यांना पान क्रमांक दोनशे बारा शिकवते आहे. प्रतिक्रांती, तिची चार कारणं. सोमवारी वर्गात गेले तर मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, कारणं तीच राहणार का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि मग इतकी चिडले की खडू मोडला.

तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. गावात पक्षसभासदांचं एक सुधारणा मंडळ निघतं आहे. पत्रकावर नऊ सह्या आहेत, चौथी माझी. आम्ही पक्ष मोडायला निघालेलो नाही. सभासदांना विचारून निर्णय घ्या, बंद दाराआडच्या फायली उघडा, दुसऱ्या पक्षांसमोर निवडणूक लढवायची तयारी ठेवा, एवढंच आमचं म्हणणं. तुम्हीच मला सांगायचात ना, की पंचेचाळीस साली कारखान्याच्या सभांमध्ये लोक टेबलावर चढून भांडायचे? मग आता आम्ही खुर्चीवर बसून भांडलो तर काय बिघडलं?

रागावला असाल तर रागाचं पत्र लिहा. पण लिहा.

एतेल्का

*

२० मार्च १९८९

बाबा,

सभा झाली. पक्ष कार्यालयाचं सभागृह मिळालं नाही. ते मागायला मी स्वतः पहिल्या सचिवाकडे गेले होते. मेझेई तुमच्याच हाताखाली तयार झालेला, अजूनही तुमचा विषय निघाला की खुर्चीत जरा सरसावून बसतो.

"ये, एतेल्का, बस. कॉफी?"

"कॉफी नको, सभागृह हवंय."

"फरशी घासायला काढलीय."

"आठवडाभर?"

"मोठी फरशी आहे." मग हसला. "मंडळ काढायचंच होतं तर भरतकामाचं काढायचंस. बायका आल्या असत्या. वेंदेलकाका कसे आहेत?"

मी म्हणाले, मजेत आहेत. हो, तसंच म्हणाले. गेल्या महिन्यात मी किती जणांना सांगितलं असेल की बाबा मजेत आहेत, डुकरं छान पोसलीत, गुडघा दुखत नाही. डुकरं कशी आहेत हे मला ठाऊक नाही.

सभा मग पाणीपुरवठ्याच्या कॅन्टीनमध्ये घेतली, कारण आमच्यातला झोंबोर तिथं इंजिनियर आहे. तीस वर्षांचा, हुशार, आणि त्याला वाटतं की सगळं जूनपर्यंत आटोपेल. नऊ-दहा जण येतील असं धरून चाललो होतो, त्रेचाळीस आले. गणवेशाचा कोट घालून पक्षाच्या हत्यारी कामगार रक्षक दलाचा एक माणूसही आला होता. आम्हाला वाटलं, नावं टिपायला आलाय. तो शेवटी उठून म्हणाला, "माझी सही कुठं करू?"

आणि रोझालिया दोरोगी आली होती.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं, मी तिला बोलावलंही नव्हतं. दोन्ही हात पर्सवर ठेवून पहिल्या रांगेत बसली. केस पूर्ण पांढरे झालेत. सगळ्यांचं बोलून झाल्यावर उठली. "माझा नवरा केलेमेन दोरोगी. चव्वेचाळीस सालापासून पक्षात होता. सत्तावन्न साली, छप्पनच्या उठावाला सामील झाला म्हणत, त्याला गद्दार ठरवून काढला, तुरुंगात टाकला. तो गद्दार नव्हता. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. जिथून काढलात तिथं परत घ्या."

झोंबोर भाबडेपणानं म्हणाला, "काकू, हल्ली लोक पक्ष सोडायला रांगा लावतायत, आणि तुम्ही..."

"तो माझ्या नवऱ्याचा पक्ष आहे," ती म्हणाली. "तुझा नंतर झाला."

ठराव झाला. सत्तावन्न साली काढलेल्यांची प्रकरणं पुन्हा उघडायची. पहिलं प्रकरण दोरोगींचं. मी हात वर केला, बाबा. माझ्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

एतेल्का

*

२५ मे १९८९

बाबा,

गेल्या शनिवार-रविवारी सेगेदला होते. देशभरातली सुधारणा मंडळं जमली होती. दोन दिवस माणसं माइकसाठी भांडत होती, सँडविच संपली, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि मला वीस वर्षांत पहिल्यांदा पक्षाच्या बैठकीत झोप आली नाही. हे तुम्हाला सांगावं असं परतीच्या गाडीत सारखं वाटत होतं. घरी आले तर शाळेच्या पत्त्यावर एक जाड पाकीट येऊन पडलं होतं. दोरोगी प्रकरणाच्या फायलीची नक्कल. आम्ही अर्ज केला होता, पण देतील असं वाटलं नव्हतं. मेझेईनं ती मुद्दाम मला पाठवली, झोंबोरला नाही.

फायलीत हकालपट्टीचा ठराव आहे. पाच सह्या. दुसरी तुमची. ते मला माहीत होतंच, सगळ्या गावाला माहीत आहे. सभासदत्वाचं पुस्तक त्यांच्या घरी जाऊन तुम्हीच परत घेतलंत हेही. आई त्यानंतर रोझालियाला टाळायला रस्ता ओलांडायची आणि मला हाताला धरून ओढायची. केलेमेनकाकांनी मला सायकल शिकवली होती. मी मागं वळून बघायची, ते टोपी काढायचे. अकरा वर्षांच्या पोरीसमोर!

पण फायलीत चौकशीची टिपणंही आहेत. तुम्हाला आठवत नसेल म्हणून उतरवून देते.

"दोरोगी म्हणतात की कॉम्रेड साल्काई २६ ऑक्टोबरला कुठे होते ते त्यांनाच विचारावे. कॉम्रेड साल्काई यांना विचारले. उत्तर: घरी होतो."

बाबा, तुम्ही घरी नव्हतात.

दुपारी चौकातून आरडाओरडा ऐकू येत होता आणि आई खिडकीपासून हलत नव्हती. तुम्ही अंधार पडताना आलात, डोक्यापासून पायापर्यंत काळे. आईनं पाणी तापवलं. पाणी तीनदा बदलावं लागलं. मी विचारलं, बाबा कुठं होते, तर आई म्हणाली, धुराडं साफ करत होते. मी तेव्हापासून ते धुराडंच धरून बसले आहे.

आणखी एक. मार्चच्या पत्रात मी खोटं लिहिलं. रोझालिया आपण होऊन आली नाही. सभेच्या चार दिवस आधी मी तिच्या घरी गेले होते. तिनं मला दारातच उभी ठेवली, म्हणाली, साल्काईंच्या घरचं इथं कुणी नको. मी म्हणाले, सभेला या, तिथं तुम्हाला कुणी अडवणार नाही. हे मी का केलं ते मला धड सांगता येत नाही. पक्षासाठी केलं असं मी मंडळात सांगते, तेव्हा सगळे माना डोलावतात आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं.

तुम्ही कुठं होतात?

एतेल्का

*

१८ जून १९८९

बाबा,

परवा तुम्ही टीव्ही लावला होता का? मला वाटतं लावला असणार. तेहेतीस वर्षांपूर्वीचा पंतप्रधान, ज्याला आपल्याच लोकांनी फासावर चढवलं, त्याला पुन्हा सन्मानानं मूठमाती दिली. सहा शवपेट्या होत्या, सहावी रिकामी, नाव नसलेल्यांसाठी. शाळेच्या शिक्षकखोलीत आम्ही बाराजणी होतो. कुणी कुणाकडे बघेना. बोर्का माझ्याशेजारी बसली होती, म्हणाली, "आई, बोटीत पाणी शिरलंय आणि तू अजून तिला रंग देतेयस." सतरा वर्षांची आहे. तिच्याशी वाद घालावा तर ती फक्त खांदे उडवते.

खरी गोष्ट वेगळीच आहे. मेझेई काल माझ्याकडे आला होता. घरी, फुलं घेऊन.

"ऑक्टोबरात महाअधिवेशन आहे," तो म्हणाला. "गावाकडून दोन प्रतिनिधी जाणार. त्यातली एक तू असावीस असं मला वाटतं. बुडापेस्टला जाऊन काय सुधारायचं ते सुधार."

"आणि?"

"आणि दोरोगी प्रकरण समितीकडे राहू दे. समिती अभ्यास करेल. अभ्यास लांबतो, तुला माहीतच आहे." मग फुलदाणी सरकवत म्हणाला, "जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला ती टिपणं मिळाली तर वेंदेलकाकांचं या वयात काय होईल, याचा विचार केलायस?"

तुम्हाला वाटेल मी त्याला दार दाखवलं. नाही दाखवलं. मी म्हणाले, दोन दिवस द्या. प्रतिनिधी म्हणून जायचं मला किती वाटतं, हे तुम्हाला सांगायला लाज वाटते आहे. ज्या पक्षाच्या पाळण्यात तुम्ही मला वाढवलंत तो बदलताना त्या खोलीत मला असायचं आहे. आणि तुमचं नाव वर्तमानपत्रात यायला नको आहे. आणि रोझालियाला तोंड दाखवायचं आहे. तिन्ही एका वेळी कसं जमायचं?

म्हणून तुम्हाला विचारते. थांब म्हणालात तर मी थांबेन. एका ओळीचं पत्र टाका, नुसतं "नको" लिहा. महिनाअखेरपर्यंत वाट बघते. मेझेईला तसंच सांगेन, की वडिलांना विचारलंय. हसू दे त्याला.

एतेल्का

*

१७ सप्टेंबर १९८९

बाबा,

तुमचं "नको" आलं नाही. "हो"सुद्धा आलं नाही. जुलैच्या पहिल्या तारखेला मी मेझेईला सांगितलं की प्रकरण चालेल. प्रतिनिधी म्हणून मला मंडळानं उभं केलं, सभासदांनी मतं दिली, मेझेईच्या फुलांची गरज पडली नाही. सुनावणीची तारीख कार्डावर लिहून तुम्हाला टाकली. त्याउपर काही लिहायचं धाडस झालं नाही.

आणि काल तुम्ही आलात. काळा सूट, आईच्या अंत्यविधीचा. शेवटच्या रांगेत बसलात. माझ्याकडे पाहिलंत की नाही मला कळलं नाही, मी कागदांत बघत होते. अध्यक्षांनी विचारलं, "त्या वेळच्या समितीपैकी कुणी हयात आहे का?" आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तुम्ही जे बोललात ते झोंबोरनं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलंय. "सव्वीस ऑक्टोबरला जमाव कारखान्यात शिरला. मला शोधत होते. केलेमेननं मला बॉयलरखालच्या कोळशाच्या खोलीत कोंडलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसला. चार तास. मला बाहेर काढला असता तर मी आज नसतो. फेब्रुवारीत समितीनं मला विचारलं, मी म्हणालो, घरी होतो. खरं सांगितलं असतं तर मला विचारलं असतं, गद्दारानं तुलाच का वाचवलं. तेवढ्यासाठी." आणि तुम्ही बाजूच्या दारानं निघून गेलात. मी धावत आले तोवर बस निघाली होती.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही, म्हणून लिहिते.

मेझेई ग्लासात पाणी ओतत होता, ते भरून टेबलावर सांडलं. मग रोझालिया उठली. मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी हळू म्हणाली, "हे मला केलेमेननं कधी सांगितलं नाही. तीन वर्षांनी तुरुंगातून आला, तेव्हाही नाही. चार वर्षं खोकत माझ्याशेजारी झोपला, तेव्हाही नाही." मग पर्सची कडी लावली. "मला सांगितलं असतं तर मी वेंदेलच्या दारात जाऊन बसले असते. म्हणून नसेल सांगितलं." आणि बसली.

मतदान झालं. एकतीस बाजूनं, सहा विरुद्ध. मेझेईनं सगळ्यांत आधी हात वर केला, बाबा. काय माणूस आहे!

फक्त मला एक सांगा. आईला माहीत होतं का? मी दिवसभर घरात फिरते आहे. वह्या तपासायला घेते आणि ठेवून देते. मला तुमचा राग यायला हवा, तो येतो, आणि त्याच वेळी तुम्ही त्या रांगेतून उठलात ते डोळ्यांसमोर येतं. या दोन्हींना मी कुठं ठेवू?

तुमची
एतुश

*

१५ ऑक्टोबर १९८९

बाबा,

बुडापेस्टहून परत येऊन आठवडा झाला. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. आम्ही जिंकलो. शनिवारी रात्री पक्षानं ठरवलं की जुना पक्ष संपला आणि नवा सुरू झाला. मी हात वर केला. टाळ्या झाल्या, कॉरिडॉरमध्ये एक म्हातारा खांबाला टेकून रडत होता, आणि माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "आता एकमेकांना काय म्हणायचं? कॉम्रेड की बाईसाहेब?" आम्ही दोघी इतक्या हसलो की लोक बघायला लागले.

नव्या पक्षात कुणी आपोआप जात नाही. प्रत्येकानं पुन्हा सही करायची. आपल्या गावात सभासद अडीच हजार. आठवड्यात सह्या झाल्या एकशे चार. कॅन्टीनमधल्या त्या त्रेचाळीसांपैकी एकोणीस. झोंबोर म्हणतो, विचार करतोय. म्हणजे गेलाच.

दोरोगींचा कागद अधिवेशनाच्या चार दिवस आधी तयार झाला होता. सही, शिक्का, सगळं. "सभासदत्व फेब्रुवारी १९५७ पासून अखंड मानण्यात येत आहे." छोटासा समारंभ करून द्यायचा होता. मी परत आले तर कार्यालयाच्या दारावरची पाटी दोघं जण स्क्रू काढून उतरवत होते. समारंभ कसला आणि कुणाच्या नावानं, कुणालाच सांगता येईना. मग मी कागद घेऊन एकटीच रोझालियाकडे गेले. या वेळी तिनं आत घेतलं.

तिनं चष्मा लावून दोनदा वाचला. "हा शिक्का कुणाचा?"

"पक्षाचा."

"तो तर गेल्या शनिवारी मोडलात ना तुम्ही?"

मी म्हणाले, मोडला नाही, बदलला.

"म्हणजे बत्तीस वर्षांनी त्याला आत घेतलं, आणि पाच दिवसांत पक्षच उठून गेला," ती म्हणाली. "शेवटचा सभासद माझा नवरा." मग तिला हसू फुटलं, थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी मूर्खासारखी रुमाल शोधत राहिले. "नव्या पक्षात जायला त्याला सही करावी लागेल का, एतेल्का? त्याचं अक्षर चांगलं होतं."

शेवटी तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "तू चांगली पोरगी आहेस," ती म्हणाली. "पण पुस्तक माझ्या घरातून तू नेलं नव्हतंस. ज्यानं नेलं त्यानं आणून द्यावं."

कागद सोबत पाठवते आहे. घडी मी घातलेली नाही, तिनंच घातली.

एतुश

*

२९ मार्च १९९०

बाबा,

निवडणूक झाली. मी उभी होते हे तुम्हाला पत्रकांवरून कळलं असेल, तुमच्या वस्तीवरही वाटली होती. शंभरातली नऊ मतं मिळाली. चाळीस वर्षांतली पहिली खरी निवडणूक आम्ही घडवून आणली आणि तिच्यात आम्हीच आपटलो. झोंबोर जानेवारीतच दुसऱ्या पक्षात गेला. त्यांची पोस्टरं चिकटवायचं काम त्याच्याकडे होतं, माझ्या चेहऱ्यावर त्यांच्या उमेदवाराचा चेहरा चिकटवताना मी त्याला पाहिलं. बिचारा शिडीवरून म्हणाला, "माफ करा, बाई, इथं दुसरी जागाच नाही." मेझेई एका ऑस्ट्रियन भागीदाराबरोबर टाइल्सचा कारखाना काढतोय. फरशीचं वेड त्याला पहिल्यापासूनच होतं.

शाळेत नवं पुस्तक अजून आलेलं नाही. जुन्यातली चाळीस पानं शिकवू नका असा आदेश आहे. मी वर्गात जाते आणि मुलांना म्हणते, घरी आजोबांना विचारून या. काय सांगतात ते लिहून आणा. काही जण कोरी वही आणतात.

मला कुठंच बसवत नाही. नव्या पक्षाचं कार्यालय दोन खोल्यांचं आहे, तिथं गेले की वाटतं घरी जावं, घरी आले की वाटतं तिथं काहीतरी करायचं राहिलं. पाच महिने झाले, कागदाचं काय झालं ते तुम्ही कळवलं नाहीत, आणि रोझालियाच्या गल्लीतून जायचं मी टाळते आहे. होय, आईसारखीच. रस्ता ओलांडून जाते. काल ते लक्षात आलं आणि मी फुटपाथवरच उभी राहिले.

कागद पोचला का? एवढंच सांगा.

एतुश

*

वस्तीवर, ६ एप्रिल १९९०

एतुश,

तुझी सगळी पत्रं मिळाली. लांब लिहितेस.

कागद नेऊन दिला. नोव्हेंबरात. पहिल्यांदा तिनं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उघडलं, पण आत घेतलं नाही. पायरीवर उभा ठेवून म्हणाली, "वाच." चष्मा घरी राहिला होता. हात लांब करून वाचला. शेजारीण झाडू थांबवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा. मोठ्यानं." पुन्हा वाचला. मग हातातून घेतला. विचारलं, "चार तासांत तो दाराबाहेरून काही बोलला?" मी सांगितलं, एकदाच बोलला. "वेंदेल, खोकू नकोस." ती दाराला धरून उभी राहिली. मग म्हणाली, जा आता.

मी माफी मागितली नाही. मागायचं म्हणून गेलो होतो, तोंडातून निघाली नाही. तिनंही दिली नाही. फेब्रुवारीत तिनं टपाल्याबरोबर निरोप धाडला की द्राक्षवेल छाटायला माणूस मिळत नाही. गेलो. तीन दिवस लागले. कॉफी दिली नाही. मार्चमध्ये कुंपणाचं सांगितलं. तेही करून दिलं.

आईचं विचारलंस. तिला सगळं माहीत होतं. ती रस्ता ओलांडायची ती दोरोगी बाईच्या भीतीनं नव्हे. मी तुझ्या स्वयंपाकघरातून उठलो ते तुझ्या बोलण्यानं नव्हे. रेडिओवरचं ऐकून मला वाटलं, आता कुणीतरी विचारायला येणार. तू येशील असं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये तू विचारलंस, थांबू का. "नको" लिहून पाकीट बंद केलं होतं. टाकलं नाही.

नव्या पक्षात मी सही केलेली नाही. जुनाच चालवतो म्हणणारे इथं येऊन गेले, त्यांच्याकडेही नाही. छप्पननंतर पक्ष मोडताना मी दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहायची ताकद नाही. तू तुझ्यात राहा. दोन खोल्यांतून आम्हीही सुरू केलं होतं.

आणखी एक, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मत मी तुला दिलं नाही. हरलीस त्याचं वाईट वाटलं, दिवसभर जेवण गेलं नाही, पण दिलं नाही. तुझ्या पत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "जे चुकलं त्याची जबाबदारी आम्ही घेतो." आम्ही कोण? तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. तुझा तो इंजिनियर जन्मलाही नव्हता. त्या टेबलाभोवती पाच जण होतो, चार गेले, मी उरलोय. ती गोष्ट घेऊन तू दारोदार मतं मागत फिरू नकोस. ती माझ्याकडे राहू दे.

रविवारी अकराच्या बसनं येतो.

बाबा